मोठी दुकान की मोठे दुकान?
घरची बोली, शाळेची भाषा आणि विशेषणे

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते माध्यमिक शाळेत मराठीचे अध्यापक असून बी. ए., बी. एड. आहेत.)



आजच्या मेळाव्यात 'घरची बोली आणि शाळेची भाषा' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी संस्थेच्या चिटणीस साहेबांची आज्ञा आहे. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून त्यातला एकच लहानसा भाग मी आपल्यापुढे ठेवणार आहे. तो भाग विशेषणांचा. विशेषण हा शब्द ऐकून विद्यार्थी मित्रांच्या कपाळावर आठी पडली, ती मला इथून दिसली. परंतु आपल्या मुलांचे मराठीतील निम्मे गुण ज्या जागी गळतात, ती जागा हीच आहे, आणि आपल्या घरातील एका मोठ्या प्रश्नाचे उत्तरही याच जागी सापडते.

तो प्रश्न असा. पालक शाळेत येतात आणि म्हणतात, "सर, पोरगा घरात दखनी बोलतो, शाळेत मराठी बोलतो, दोन्हींत इंग्रजी शब्द घुसडतो. त्याला धड एकही भाषा येत नाही. उद्यापासून घरात आपली बोली बंद करावी म्हणतो." हा विचार मुलाच्या भल्यासाठीच असतो, याविषयी मला शंका नाही. पण घरातली बोली बंद करणे म्हणजे दादी-नानीशी नातवाचे बोलणे बंद करणे. एवढा मोठा निर्णय घेण्यापूर्वी मुलाच्या बोलण्यात खरोखर गोंधळ आहे की काही नियम आहे, हे आपण एकदा तपासून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या नगर जिल्ह्यात दोन-दोन, तीन-तीन भाषा एकत्र नांदणे हे काही आजचे नाही. निजामशाहीच्या काळात हसन शौकी या कवीने १५६५ सालच्या विजयनगरविरुद्धच्या लढाईवर दखनीत फतहनामा लिहिला. त्यानंतर श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांची हिंदुस्थानी बोलीतील रचनाही प्रसिद्ध आहे. दखनीने मराठीपासून 'नको' घेऊन 'नक्को' केले, जोर देण्यासाठी वापरला जाणारा 'च' घेतला. मराठीने फारशीतून इतके शब्द घेतले की १९२५ साली माधवराव पटवर्धनांनी त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' तयार केला. देवाणघेवाण अशी दोन्ही बाजूंनी झालेली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. दोन भाषा एका वाक्यात आल्या की विशेषणापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, नामाच्या आधी बसावे की नंतर? दुसरा, नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलावे की तसेच राहावे? पहिला क्रमाचा प्रश्न, दुसरा मेळाचा.

जगात हा प्रश्न सर्वांत जास्त अभ्यासला गेला तो अमेरिकेत, स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणाऱ्या लोकांमध्ये. तिथे पंचाईत खरोखर मोठी आहे. इंग्रजीत विशेषण आधी येते आणि कधी बदलत नाही: 'रेड हाऊस', 'रेड बुक'. स्पॅनिशमध्ये ते बहुधा नामानंतर येते आणि नामाप्रमाणे बदलते. घर स्त्रीलिंगी म्हणून 'कासा रोखा', पुस्तक पुल्लिंगी म्हणून 'लिब्रो रोखो'. आता ज्या मुलाला दोन्ही भाषा येतात, त्याने एक शब्द इकडचा आणि एक तिकडचा घेतला, तर विशेषण कुठे ठेवायचे? शाना पॉपलॅक या विदुषींनी न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन वस्तीत २० व्यक्तींचे बोलणे ध्वनिमुद्रित करून अभ्यासले आणि १९८० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की जिथे दोन भाषांचा शब्दक्रम जुळतो, तिथे लोक खुशाल भाषा बदलतात. जिथे जुळत नाही, तिथे बदलण्याचे टाळतात. नाम आणि विशेषण यांच्यामधली जागा ही अशी न जुळणारी जागा आहे. पुढच्या अभ्यासकांनी यावर आणखी मते मांडली. कोणी म्हणाले, विशेषण ज्या भाषेचे असेल तिचा क्रम चालतो. कोणी म्हणाले, वाक्याचा सांगाडा ज्या भाषेचा असेल तिचा क्रम चालतो. वाद अजून मिटलेला नाही.

पण पालकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. एकाच वाक्याच्या पोटात भाषा बदलण्याचे काम सर्वांत जास्त कोण करत होते? ज्यांना दोन्ही भाषा उत्तम येत होत्या ते लोक. आणि तसे करताना त्यांच्या हातून व्याकरणाचा भंग जवळजवळ होतच नव्हता. ज्यांची एक भाषा कच्ची होती, ते सुटे शब्द किंवा 'यू नो'सारखी वाक्ये तेवढी मध्ये टाकत. मिसळून बोलणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे, या समजुतीला यामुळे चांगलाच धक्का बसला.

आता आपल्याकडे पाहू. मराठी, दखनी, उर्दू, इंग्रजी या चारही भाषांत रोजच्या बोलण्यातले विशेषण नामाच्या आधीच येते. 'लाल घर', 'लाल मकान', 'रेड हाऊस'. म्हणजे क्रमाचे भांडण आपल्याकडे जवळजवळ नाही. ते फक्त एका जागी दिसते, आणि ती जागा आजच्याच समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेत आहे. उर्दू पत्रिकेत छापले आहे 'मेहमान-ए-खुसूसी', मराठी पत्रिकेत छापले आहे 'प्रमुख पाहुणे'. व्यक्ती एकच, पण उर्दूत विशेषण मागे आणि मराठीत पुढे. ही फारशीची इजाफत आहे. आपल्या नगरचा बागरौझा घ्या. अहमद निजामशहाची कबर जिथे आहे त्या बागेचे हे नाव. मराठी माणसाने नाव ठेवले असते तर 'रौझ्याची बाग' म्हटले असते. फारशी रीतीने बाग आधी आली, रौझा नंतर.

गंमत पाहा. 'मेहमान-ए-खुसूसी' म्हणणारा माणूस घरी आल्यावर 'खुसूसी मेहमान आए थे' असेही सहज म्हणतो. पण 'मेहमान-ए-प्रमुख' किंवा 'मेहमान-ए-चीफ' असे कोणी म्हणाल्याचे आपण ऐकले आहे काय? नाही. इजाफत फारशी-अरबी शब्दांनाच लावायची, मराठी-इंग्रजी शब्दांना लावायची नाही, हा नियम ज्याने व्याकरणाचे पुस्तक हातात धरले नाही तोही पाळतो. खिचडी म्हणावी, तर तिलाही मिठाचे प्रमाण असते.

तेव्हा आपला खरा प्रश्न मेळाचा आहे. इथे चारही भाषांचे स्वभाव वेगळे आहेत. इंग्रजी विशेषण कधीच बदलत नाही. उर्दू-दखनीत दोन लिंगे आहेत: 'बडा', 'बडी'. मराठीत तीन आहेत: 'मोठा', 'मोठी', 'मोठे'. शिवाय मराठीत आणि उर्दूत काही विशेषणे विकारी, काही अविकारी. 'मोठा' बदलतो, 'लाल', 'सुंदर', 'गरम' बदलत नाहीत.

या स्थितीत आपली मुले काय करतात ते मी वर्गात आणि वर्गाबाहेर ऐकत असतो. मूल दखनीत बोलताना म्हणते, "मेरा पुस्तक किधर है?" मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी. दखनीत नपुंसकलिंगाची खोलीच नाही, म्हणून मुलाने त्याला पुल्लिंगाच्या खोलीत बसवले. तेच मूल मराठीत बोलताना म्हणते, "माझी किताब कुठे आहे?" इथे किताबने आपले स्त्रीलिंग बरोबर आणले, पण 'मेरी' मात्र 'माझी' झाली. म्हणजे वाक्याचा सांगाडा ज्या भाषेचा, तिच्याच साच्यात विशेषण ओतले गेले. मूल "नया पुस्तक" म्हणेल, पण दखनी वाक्यात "नये पुस्तक" असे मराठी नपुंसकलिंग एका वस्तूसाठी करणार नाही. हा नियम त्याला कोणी शिकवला? आपल्याच घरांनी शिकवला.

शब्द कायमचे राहायला आले, तरी हीच रीत चालते. फारशीतला 'उमदा' उर्दूत बदलत नाही: 'उमदा किताब', 'उमदा घोडा'. मराठीत आल्यावर तो आपल्या चालीने चालू लागला: 'उमदा घोडा', 'उमदी घोडी', 'उमदे जनावर'. 'ताजा' तर 'ताजी भाजी', 'ताजे दूध', 'ताज्या भाजीला' असा पुरता मराठी झाला. 'जादा' मात्र दोन्हीकडे तसाच राहिला: 'जादा तास', 'जादा फी'. इंग्रजीचे 'स्मार्ट', 'फ्रेश' हे मराठीत येताच 'लाल', 'गरम' यांच्या ओळीत, अविकारी म्हणून बसले. पाहुण्याने कोणत्या पाटावर बसायचे ते यजमान ठरवतो.

भाषा शेकडो वर्षे शेजारी राहिल्या तर हा मेळ किती खोल जातो, याचे प्रसिद्ध उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र बोलल्या जात. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या संशोधकांनी १९७१ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला आणि कुपवाडचे नाव जगभरच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत गेले. कन्नडमध्ये पुरुष, स्त्री आणि बाकी सर्व वस्तू अशी सरळ वाटणी आहे. कुपवाडच्या उर्दूने हीच वाटणी उचलली. माणसांतील स्त्रीवाचक शब्द तेवढे स्त्रीलिंगी, बाकी सारे पुल्लिंगी. त्यामुळे इतरत्र 'नदी आई' म्हणतात तिथे कुपवाडकर 'नदी आया' म्हणत. लखनौच्या माणसाला हे चुकीचे वाटेल. पण गावातल्या सर्वांना तो नियम ठाऊक होता आणि सर्व जण तो पाळत होते. तेव्हा ती चूक नसून त्या गावची रीत होती.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, "सर, मग सगळेच बरोबर असेल, तर मुलाच्या वहीत लाल शाईच्या रेघा कशाला मारता?" प्रश्न रास्त आहे. परीक्षेची भाषा प्रमाण मराठी आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. नोकरीचा अर्ज, स्पर्धा परीक्षा, कचेरीतले काम, सगळीकडे तिचे व्याकरण मागितले जाते. ते आपल्या मुलांना आलेच पाहिजे, आणि त्यात सवलत मागणे हे मी मुलांचे नुकसान समजतो. फक्त चूक कुठून येते हे कळले, तर ती थोडक्यात सुधारता येते. माझ्या अनुभवाने ती दोनच दारांनी येते.

पहिले दार म्हणजे दोन्ही भाषांत असलेले, पण लिंग वेगळे असलेले शब्द. 'दुकान' उर्दूत स्त्रीलिंगी, 'बडी दुकान'; मराठीत नपुंसकलिंगी, 'मोठे दुकान'. 'आवाज' उर्दूत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. 'मजा' उर्दूत पुल्लिंगी, 'मजा आया'. मराठीत स्त्रीलिंगी, 'मजा आली'. 'बाग' उर्दूत पुल्लिंगी, मराठीत बहुधा स्त्रीलिंगी. 'सरकार' उर्दूत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. 'शहर', 'मैदान', 'दप्तर', 'कॉलेज', 'स्टेशन' हे उर्दूत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. शब्द ओळखीचा असल्यामुळेच मूल सावध राहत नाही. अनोळखी शब्दाचे लिंग ते विचारते. 'दुकान'चे कशाला विचारील? ते तर त्याच्या घरातलेच.

दुसरे दार म्हणजे सामान्यरूप. उर्दूत 'बडी दुकान में', 'छोटी लडकी को'. विशेषणाची 'ई' जागची हलत नाही. त्यावरून मूल लिहिते 'मोठी दुकानात', 'छोटी मुलीला'. मराठीत नामाला प्रत्यय लागला की विकारी विशेषणाला 'या' लागतो: 'मोठ्या दुकानात', 'छोट्या मुलीला', 'मोठ्या बागेत', 'मोठ्या आवाजात'. विद्यार्थी मित्रांनो, इथे मराठी तुमच्यावर मेहेरबान आहे. प्रत्यय लागलेला दिसला की लिंगाचा विचारच करू नका, तिन्ही लिंगांना एकच 'मोठ्या'. उर्दूत मात्र 'बडे' की 'बडी' हे तिथेही पाहावे लागते.

आणि हे दार एकाच बाजूला उघडत नाही, हेही ध्यानात असू द्या. मराठीभाषक मित्र हिंदी बोलताना 'बडा आवाज' आणि 'बहुत मजा आयी' म्हणतात, हे आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. त्यांनीही आपल्या घरचे लिंग बरोबर नेलेले असते. म्हणजे हा दोष एखाद्या समाजाच्या बुद्धीचा नाही. दोन भाषा जाणणाऱ्या प्रत्येक माणसाच्या वाटेवर हा दगड आहे.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो? पूर्वी एका शाळेत पाचवीच्या वर्गातील एक मुलगी मला आठवते. गोष्ट सांगण्यात तिचा हातखंडा होता. एकदा ती उभी राहून 'मोठी दुकानात' म्हणाली आणि वर्ग हसला. मोठ्या माणसांपैकीही कोणी हसले. त्यानंतर कित्येक महिने त्या मुलीने मराठीच्या तासाला तोंड उघडले नाही. विचारले तर खाली पाही. एका 'या'पायी एक मूल मुके झाले. परीक्षेत अर्धा गुण गेला तर पुढच्या परीक्षेत तो भरून काढता येतो. बोलण्याची हिंमत गेली, तर ती परत आणायला फार कष्ट पडतात, आणि मुलींच्या बाबतीत पुष्कळदा तेवढा अवधी मिळण्यापूर्वीच शाळा सुटलेली असते.

म्हणून पालकांना माझ्या तीन नम्र सूचना आहेत.

पहिली, घरची बोली बंद करू नका. जी भाषा तुम्हाला भरभरून येते, तीच मुलाशी भरभरून बोला. गोष्टी सांगा, हिशेब सांगा, म्हणी सांगा. लिंग-वचनाचा मेळ असतो ही जाणीव मूल प्रथम तुमच्या तोंडून शिकते. ज्याला 'बडा' आणि 'बडी' यांतला भेद घरी कळला, त्याला 'मोठा, मोठी, मोठे' शिकवताना शिक्षकाला फक्त एक खोली वाढवावी लागते. ज्याच्या घरात मोडकीतोडकी मराठी तेवढी बोलली गेली, त्याच्याकडे पायाच नसतो.

दुसरी सूचना वहीची. एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'बडी दुकान, बडी दुकान में', उजवीकडे 'मोठे दुकान, मोठ्या दुकानात'. खाली 'ऊंची आवाज, ऊंची आवाज में', समोर 'मोठा आवाज, मोठ्या आवाजात'. रोज दोन शब्द. नाम कधी एकटे पाठ करू नये, विशेषणाचा हात धरूनच करावे. म्हणजे लिंग वेगळे घोकावे लागत नाही. वर सांगितलेले दहा-बारा शब्द एका आठवड्यात होतात. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा माताही डावी बाजू तोंडी सांगू शकतात. उजवी बाजू मुलाने सांगावी. यात आईकडे शिक्षिकेचा मान येतो आणि मुलाला कळते की आईची भाषा अभ्यासाच्या कामाची आहे.

तिसरी सूचना आम्हा शिक्षकांनाही लागू आहे. हसू नये. 'चूक आहे, बस खाली' असे म्हणण्याऐवजी 'दखनीत हे बरोबर आहे, मराठीत कसे होईल?' असे विचारावे. या एका प्रश्नाने मुलाला कळते की आपण अडाणी नाही. आपल्याजवळ दोन खाती आहेत आणि या खात्यातली रक्कम त्या खात्यात भरली गेली, एवढेच.

विद्यार्थी मित्रांनो, मित्रांत बोलताना भाषा मिसळा, मी अडवणार नाही. न्यूयॉर्कपासून कुपवाडपर्यंत लोक तसेच बोलत आले आहेत. पण उत्तरपत्रिका समोर आली की एकाच भाषेचे खाते उघडता आले पाहिजे. ज्याला दोन्ही खाती वेगळी ठेवता येतात, त्यालाच ती मिसळण्याचा खरा अधिकार आहे.